गर्दी आधीच ठाऊक होती

अकरावीची केंद्रीय ऑनलाइन प्रवेशप्रक्रिया पूर्वी मुंबई, पुणे, नाशिक, नागपूर आणि अमरावती अशा मोजक्याच शहरी क्षेत्रांत होती. म्हणजे आपल्या वऱ्हाडात अमरावतीच्या मुलांना ती परिचित, तर अकोल्याच्या जठारपेठेतल्या मुलांना अगदी नवी. २०२५ मध्ये ती प्रथमच साऱ्या राज्याला लागू झाली. १९ आणि २० मे हे दिवस सरावासाठी होते. २१ मे रोजी सकाळी ११ वाजता खरी नोंदणी सुरू व्हायची होती. पण संकेतस्थळ बंद पडले, आणि नोंदणी २६ मेपासून नव्याने सुरू करावी लागली.

अशा वेळी ‘तांत्रिक अडचण’ हे कारण पुढे केले जाते. आम्हाला ते अपुरे वाटते. दहावीचा निकाल १३ मे रोजीच लागला होता आणि सुमारे साडेचौदा लाख नियमित विद्यार्थी उत्तीर्ण झाले होते. गर्दी जास्तीत जास्त किती होईल, हे आठ दिवस आधी ठाऊक होते. १६ जुलै २०२१ रोजी दहावीच्या निकालाची संकेतस्थळे कित्येक तास उघडत नव्हती, हा अनुभवही जुना नव्हता.

थोडी आकडेमोड करू. साडेचौदा लाख अर्ज आठ दिवसांत, रोज बारा तास, सारख्या गतीने आले तर सेकंदाला जेमतेम चार अर्ज येतील. पण त्यांतले एक तृतीयांश विद्यार्थी पहिल्याच तासात आले असे माना. मग हा आकडा सेकंदाला सुमारे १३४ होतो, म्हणजे तीसपटींहून अधिक. सरासरीवर बेतलेली यंत्रणा इथेच कोलमडते.

त्यातही एक मेख आहे. रांगांचे गणित डेन्मार्कच्या एर्लांग यांनी टेलिफोनच्या संदर्भात १९०९ पासून मांडले. एकच खिडकी आहे, माणसे कशीही येतात आणि प्रत्येकाच्या कामाला सरासरी एक सेकंद लागतो, असे धरा. खिडकी निम्मा वेळ कामात असेल तर सरासरी एक सेकंद थांबावे लागते. ती ९० टक्के वेळ कामात असेल तर ९ सेकंद, आणि ९९ टक्के असेल तर ९९ सेकंद! शंभराच्या पुढे गेले की रांग वाढतच जाते. त्यात कंटाळलेला विद्यार्थी पुन्हापुन्हा कळ दाबतो आणि एका माणसाच्या पाच विनंत्या होतात.

मग उपाय काय? पहिला उपाय वेळापत्रकाचा आहे. सर्वांना एकच मुहूर्त देण्याऐवजी विभागवार दिवस नेमता येतात. दुसरा उपाय स्पष्ट सांगण्याचा. प्रवेश गुणानुक्रमे मिळतो. आधी अर्ज भरणाऱ्याला जास्तीचे काही मिळत नाही. हे ठळकपणे सांगितले तर निम्मी घाई ओसरेल. तिसरा उपाय यंत्राच्या सरावाचा. विद्यार्थ्यांना दोन दिवस सराव दिला हे चांगलेच झाले. पण लाखो कृत्रिम विनंत्या एकदम सोडून संगणकाची परीक्षा घेणे ही वेगळी गोष्ट आहे. तिचा निकालही जाहीर व्हावा. चौथा उपाय शेगावच्या दर्शनबारीत दिसतो. तिथे सर्वांना एकदम गाभाऱ्यात सोडत नाहीत. बारीत उभे करून क्रमाने आत घेतात. संकेतस्थळालाही असे प्रतीक्षागृह देता येते. ‘तुमचा क्रमांक अमुक, अंदाजे इतकी मिनिटे’ एवढे दिसले की माणूस कळ दाबत बसत नाही.

हे केले नाही तर किंमत कोण मोजतो? ज्याच्या घरी संगणक आहे तो रात्री पुन्हा प्रयत्न करतो. खेड्यातून शहरातल्या सायबर कॅफेत आलेल्या मुलीचे एसटीचे भाडे आणि सोबत आलेल्या वडिलांची मजुरी बुडते. गुणवत्तेवर आधारलेल्या प्रक्रियेत हा अन्याय शोभत नाही.

शिक्षकांनी हा प्रयोग वर्गात जरूर करावा. एका टेबलावर वह्या तपासून घ्यायला चाळीस मुलांना एकदम पाठवा. दुसऱ्या दिवशी क्रमांक देऊन पाठवा. दोन्ही वेळा लागलेला वेळ आणि झालेला गोंगाट मुलांनीच नोंदवावा. तपासणारा तोच आणि वह्याही तेवढ्याच, तरी फरक का पडला, हे मुलांना विचारा.