फुलराणीच्या न दिसलेल्या शिकवण्या

यंदाचे गणपती झाले, आवराआवर झाली, आणि एका रविवारी दुपारी मी बर्नार्ड शॉचं ‘पिग्मॅलियन’ पुन्हा वाचायला घेतलं. कारण साहित्यिक नव्हतं, घरगुती होतं. ते शेवटी सांगतो.

आपल्यापैकी बहुतेकांची या नाटकाशी ओळख दोन आडवाटांनी झालेली असते. एक ‘माय फेअर लेडी’ (रंगभूमीवर १९५६, पडद्यावर १९६४) आणि दुसरी पु. लं.ची १९७५ सालची ‘ती फुलराणी’. भक्ती बर्वे यांची मंजुळा ज्यांनी पाहिली, त्यांना मूळ एलायझा जरा फिकीच वाटते. मूळ नाटक लंडनमध्ये १९१४ साली आलं. त्याआधी १९१३ मध्ये व्हिएन्नात त्याचा जर्मन प्रयोग झाला होता. इंग्रजी उच्चारांवरचं नाटक पहिल्यांदा रंगलं ते जर्मन भाषेत! हे शॉला शोभलंच.

पुण्यात कॉलेजात असताना मी हे नाटक विनोदी म्हणून वाचलं होतं. हिगिन्स हुशार, एलायझा गावंढळ, आणि मी अर्थातच हिगिन्सच्या बाजूला बसलेला. पीएचडीसाठी अमेरिकेत आलो आणि पहिल्याच सत्रात माझी खुर्ची बदलली. मला प्रयोगशाळेचा एक वर्ग शिकवायला दिला होता. मी तासभर ‘पॅरामीटर, पॅरामीटर’ करत होतो. शेवटी एका मुलाने नम्रपणे विचारलं, हा शब्द फळ्यावर लिहाल का? लिहिला, तर सगळा वर्ग एकदम म्हणाला, “ओ, परॅमिटर!” विषय मला त्यांच्यापेक्षा दसपट येत होता, पण त्या क्षणी मी कॉव्हेंट गार्डनच्या पावसात फुलांची टोपली घेऊन उभा होतो.

शॉचं मोठेपण असं, की उच्चार ही अकलेची नव्हे, अवयवांची आणि सवयीची बाब आहे, हे त्याने नाटकभर दाखवून दिलं. हिगिन्सच्या खोलीत फोनोग्राफ आहे, ट्यूनिंग फोर्क आहेत, कंठाची प्रतिकृती आहे. ती एका इंजिनियरची खोली आहे! प्रस्तावनेत शॉ हेन्री स्वीट या ध्वनिशास्त्रज्ञाची आठवण काढतो. ध्वनी मोजता येतो, सुटा करता येतो, म्हणून शिकताही येतो, हा त्यामागचा विश्वास आहे आणि तो खरा आहे.

पण इथेच माझी पहिली तक्रार आहे. शिकणं खुद्द नाटकात जवळजवळ नाहीच. दुसऱ्या अंकात मुलगी शिकायला येते आणि तिसऱ्या अंकात शिकून बाहेर पडते. मधले महिने पडद्यामागे जातात. संगीतिकेने ती जागा एका गाण्याने भरली. गाणं संपतं आणि उच्चार सुधारतात. वाचकहो, तुमचे सुधारले का असे?

माझ्या त्या महिन्यांत काय होतं ते सांगतो. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी फोनवर “पॅच आज रात्री चालवा” म्हणालो. पलीकडे ऐकू आलं “बॅच”. त्यांनी इमानेइतबारे भलतंच काम रात्रभर चालवलं. दोष कोणाचा? आपण ‘प’ कोरडा म्हणतो. इंग्रजीत शब्दाच्या सुरुवातीच्या ‘प’, ‘ट’, ‘क’बरोबर हवेचा झोत निघतो. तो नसला की त्या कानाला ‘ब’, ‘ड’, ‘ग’ ऐकू येतो. ओठांसमोर कागदाची पट्टी धरा. ‘पॅच’ म्हणताना ती हलली पाहिजे. गंमत अशी की ख, ठ, फ म्हणत लहानाचे मोठे झालेल्या आपल्याला हा श्वास परका नाही. फक्त तो इथे खर्च करायचा असतो, हे शाळेत कोणी सांगितलं नाही.

दुसरी गोष्ट आघाताची. मराठीत आपण प्रत्येक अक्षराला जवळजवळ सारखा मान देतो. इंग्रजीत एकाला पाटावर बसवतात आणि बाकीच्यांना दारात उभं करतात. ‘कंपोनंट’मध्ये ‘पो’ मोठा आणि बाकी पुसट. माझा अनुभव असा की ‘व्ह’ आणि ‘व’ची गल्लत लोक चालवून घेतात, पण आघात चुकला की शब्दच ओळखू येत नाही. तेव्हा सुधारायचंच असेल तर आधी हे सुधारावं. अमेरिकन ‘र’ घोळवत बसू नये.

शॉने एक गोष्ट मात्र अचूक टिपली. तिसऱ्या अंकात एलायझाचे उच्चार निर्दोष आहेत, पण ती बोलते मावशीच्या मरणाबद्दल आणि जिनबद्दल. आणि शेवटी ती सांगते की तिचं खरं शिक्षण पिकरिंगने तिला मानाने हाक मारली तिथे सुरू झालं. हिगिन्सचे कान जगात सर्वांत तीक्ष्ण, पण ती काय म्हणते हे तो ऐकतच नाही; फक्त कशी म्हणते ते ऐकतो. स्वतः शॉ डब्लिनहून विशीत लंडनला आलेला. पुढे तो बीबीसीच्या उच्चार-समितीचा अध्यक्ष झाला, आणि तरी त्याचा आयरिश हेल जन्मभर गेला नाही. समजेल असं बोलावं, पण आपलं मूळ लपवू नये, हा धडा त्याच्या आयुष्यात नाटकापेक्षा स्पष्ट दिसतो.

‘ती फुलराणी’कडे याच नजरेने पाहिलं की थोडं अवघडायला होतं. लंडनमध्ये उच्चारावरून वर्ग कळतो. आपल्याकडे ‘न’ आणि ‘ण’वरून वर्गाबरोबर गाव आणि जातही ताडली जाते. वऱ्हाडात डोळ्याचा ‘डोया’ होतो, तो काही जिभेचा रोग नव्हे. पु. लं.नी मंजुळेला अस्सल तेज दिलं, तिच्या संतापाला टाळ्या मिळवून दिल्या. पण त्याआधीचं हसू आपण तिच्याबरोबर हसलो की तिला? मी तरी तिलाच हसलो होतो.

आता ते घरगुती कारण. यंदाच्या गणपतीत माझ्या नऊ वर्षांच्या मुलीने कविता म्हटली. ‘काळा’चा ‘काला’ झाला, ‘बाळ’चा ‘बाल’. सभागृह प्रेमाने हसलं. मीही हसलो. घरी येताना गाडीत ती इंग्रजीत म्हणाली, मी पुन्हा स्टेजवर जाणार नाही.

माझ्या ‘पॅरामीटर’ला त्या वर्गातलं कोणी हसलं नव्हतं. एकाने फक्त लिहून मागितलं होतं.

सध्या आम्ही दोघं रोज रात्री दहा मिनिटं बसतो. मी तिला ‘ळ’साठी जीभ टाळ्याला कशी वळवायची ते दाखवतो, ती माझे आघात तपासते. कागदाची एक पट्टी आमच्या जेवणाच्या टेबलावर कायमची पडलेली असते. शॉने जो प्रवेश पडद्यामागे ठेवला, तो आमच्याकडे रोज होतो. त्याला प्रेक्षक नाहीत, हे बरंच आहे.