‘शाश्वत’ विकास, दूरस्थ प्रबंध आणि रे रोडचा दारूखाना

उच्च शिक्षणात अलीकडे जी नवी अभ्यासक्षेत्रे पुढे आली, त्यांत ‘शाश्वतता आणि विकास’ या विषयाला विशेष प्रतिष्ठा लाभली आहे. परदेशांतील काही विद्यापीठे या विषयातील डॉक्टरेट ऑनलाइन पद्धतीने देऊ करतात. आणि नोकरी व संसार सांभाळून संशोधन करू इच्छिणाऱ्या चाळिशीतील अभियंत्याला, शिक्षकाला किंवा समाजकार्यकर्त्याला तिचे आकर्षण वाटावे, हे स्वाभाविक आहे. या पदवीविषयीची चर्चा मात्र बहुधा दोनच अंगांनी होते : ती मान्य की अमान्य, आणि ती स्वस्त की महाग. तिच्या मुळाशी असलेली संकल्पना आणि तिची अध्ययनपद्धती यांचा परस्परांशी मेळ बसतो काय, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. तो विचारण्यासाठी मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावरील रे रोड हे स्थळ कसोटी म्हणून घेता येईल.

प्रथम संज्ञेचा विचार करू. १९८७ मध्ये ब्रंटलँड आयोगाचा अहवाल प्रसिद्ध झाला, आणि आजच्या पिढीच्या गरजा भागविताना पुढील पिढ्यांच्या गरजांना बाध येऊ नये, हा विचार जगभर रूढ झाला. संयुक्त राष्ट्रसंघाने २०१५ मध्ये स्वीकारलेल्या सतरा ध्येयांनी त्याला शासकीय भाषेत स्थान दिले. हिंदीने त्यासाठी ‘सतत विकास’ हा पर्याय घेतला. मराठीने ‘शाश्वत विकास’ हा घेतला. येथेच अर्थाचा एक सूक्ष्म पालट झाला आहे. इंग्रजी संज्ञेच्या मुळाशी असलेल्या लॅटिन धातूचा अर्थ ‘खालून धरून ठेवणे’ असा आहे. ही क्रिया आहे. तिला कर्ता लागतो आणि त्या कर्त्याला श्रम पडतात. ‘शाश्वत’ हे विशेषण संस्कृतातील ‘शश्वत्’ या अव्ययावरून आले असून ते ‘सदैव असणारे’ एवढेच सांगते. जे स्वभावतःच सदैव आहे, ते कोणी धरून ठेवावे लागत नाही. अर्थात् मराठी संज्ञेतून कर्ता नाहीसा झाला आणि त्याबरोबर त्याच्या खांद्यावरचा भारही दृष्टीआड झाला.

या संकल्पनेची पूर्वपीठिका पाहिली, तर हा दोष अधिक स्पष्ट होतो. सॅक्सनीतील खाणप्रशासक हान्स कार्ल फॉन कार्लोवित्स याने १७१३ मध्ये वनशास्त्रावर जो ग्रंथ लिहिला, त्यात जंगल टिकवून धरण्याचा विचार मांडलेला आढळतो. त्याच्यापुढे अखिल मानवजातीचे भवितव्य नव्हते. खाणींना व भट्ट्यांना लागणारे लाकूड संपत चालले होते आणि त्याचा पुरवठा कसा राखावा, हा त्याचा प्रश्न होता. म्हणजे ही संकल्पना एका विशिष्ट स्थळाच्या विशिष्ट अडचणीतून जन्माला आली. ती सार्वत्रिक झाली, हे तिचे यश होय. ती स्थलहीन झाली, ही तिची हानी होय.

आता रे रोडकडे वळू. १८८५ ते १८९० या काळात मुंबई इलाख्याचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड रे यांचे नाव या रस्त्याला मिळाले, आणि १९१० मध्ये हार्बर मार्गाचा कुर्ला ते रे रोड हा पहिला टप्पा सुरू झाला. स्थानकाच्या पूर्वेस बंदराच्या जमिनीवर जी वस्ती आहे, तिला ‘दारूखाना’ म्हणतात. फारसीत ‘दारू’ म्हणजे औषध. मराठीतील ‘दवादारू’ या जोडशब्दात तो अर्थ अद्याप टिकून आहे. पुढे ‘दारू’ म्हणजे तोफबंदुकीत ठासावयाची दारू. आणि दारूखाना म्हणजे ती साठविण्याची कोठी. कोठी गेली, नाव राहिले. त्याच किनाऱ्यावर लकडी बंदर आहे, कोळसा बंदर आहे. ज्या मालाच्या चढउतारासाठी हे धक्के झाले, त्या मालाची नोंद नावांनी जपली आहे. एखाद्या जागेचा आर्थिक इतिहास तिच्या नामावलीत किती काटेकोरपणे साठविलेला असतो, याचे हे चांगले उदाहरण म्हणता येईल.

या किनाऱ्यावर अनेक दशके जुनी जहाजे तोडण्यात आली. भरतीच्या पाण्यावर जहाज चिखलापर्यंत ओढून आणावयाचे, गॅसच्या ज्योतीने त्याचे पत्रे कापावयाचे, आणि ते पोलाद रोलिंग मिलकडे पाठवावयाचे, असा हा धंदा होय. कापणाऱ्याला ‘कटर’ म्हणतात. जुन्या जहाजांत ॲस्बेस्टॉस असते, टाक्यांत तेलाचा गाळ असतो, रंगांत शिसे असते. १९६१ मध्ये भारतीय नौदलात दाखल झालेली आणि १९९७ मध्ये निवृत्त झालेली ‘विक्रांत’ ही विमानवाहू नौका २०१४ मध्ये येथेच तोडावयास आणली गेली. आणि तिच्या धातूचा काही अंश वापरून बजाज कंपनीने २०१६ मध्ये एक मोटारसायकल बाजारात आणली.

या एका घटनेचे वर्णन तीन शब्दसंग्रहांत करता येते. सामान्य मराठी माणूस म्हणतो, विक्रांत ‘मोडीत काढली’. ‘मोड’ हा शब्द सोनाराच्या पेढीवरचा आहे. मोडलेल्या दागिन्याला घाट नसतो, पण वजन व मोल असते. धंद्यातील लोक ‘तोडणी’ आणि ‘भंगार’ हे शब्द वापरतात. कायद्याची भाषा ‘पुनर्चक्रण’ असे म्हणते : २००९ चा हाँगकाँग करार आणि भारताचा २०१९ चा अधिनियम, दोहोंच्या नावांत हीच संज्ञा आहे. करार २६ जून २०२५ पासून अमलात आला असून धोकादायक द्रव्यांची यादी व कामगारांची सुरक्षितता यांविषयीच्या त्याच्या तरतुदी स्वागतार्ह आहेत, यात शंका नाही. परंतु शब्दाचा परिणाम उपेक्षणीय नव्हे. ‘तोडणी’ म्हटले की तोडणारा हात डोळ्यांपुढे येतो. ‘पुनर्चक्रण’ म्हटले की चक्र आपोआप फिरत असल्याचा भास होतो. ‘शाश्वत’ या विशेषणाने जे केले, तेच येथे ‘पुनर्चक्रण’ या नामाने केले आहे.

ऑनलाइन डॉक्टरेटची खरी परीक्षा येथे होते. संगणकाच्या पडद्यावर कराराचा मसुदा, अहवाल, आकडेवारी, उपग्रहचित्रे ही सर्व सामग्री मिळते. ती सारी तिसऱ्या शब्दसंग्रहातील असते. केवळ तिच्यावर उभारलेला प्रबंध भाषेने निर्दोष असू शकेल. पण धूर कोणाच्या छातीत गेला, हे त्याला कळणार नाही. उलट रे रोडजवळ राहणाऱ्या विद्यार्थ्याने परदेशी विद्यापीठात नाव घातले, तर तो आपल्या मार्गदर्शकापासून हजारो मैल दूर आणि आपल्या विषयापासून चार पावलांवर असतो. तेव्हा दूरत्व हा दोष मानावयाचा, तर ते कोणापासून मोजावयाचे, हे आधी ठरविले पाहिजे.

मुंबई विद्यापीठाचा इतिहास या बाबतीत बोधप्रद आहे. १८५७ मध्ये स्थापन झालेले हे विद्यापीठ लंडनच्या धर्तीवर आरंभी केवळ परीक्षा घेणारे होते. अध्यापन महाविद्यालयांत चाले. पुढे १९१९ मध्ये समाजशास्त्राचा विभाग निघाला आणि पॅट्रिक गेडिस त्याचे पहिले प्राध्यापक झाले. योजनेपूर्वी सर्वेक्षण आणि उपचारापूर्वी निदान, हा त्यांचा आग्रह होता. आणि सर्वेक्षण म्हणजे नगर पायांखाली घालणे, असे ते मानीत. नोकरी करून संशोधन करणे हीदेखील नवी गोष्ट नव्हे. शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१७ मध्ये लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून परतले, सिडनहॅम महाविद्यालयात त्यांनी अध्यापन केले, १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले आणि १९२३ मध्ये त्यांनी डी.एस्सी. मिळविली. खंड पडल्याने वा पोटासाठी काम केल्याने विद्वत्तेला उणेपणा येत नाही.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या विनियमांनी अर्धवेळ पीएच.डी.ला वाव ठेवला. दूरस्थ व ऑनलाइन पीएच.डी. मात्र निषिद्ध ठरविली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आयोगाने व अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने संयुक्त सूचना काढून, शिक्षण-तंत्रज्ञान कंपन्या परदेशी संस्थांच्या सहकार्याने देऊ करीत असलेल्या ऑनलाइन पीएच.डी. ग्राह्य नाहीत, असा इशारा दिला. अनेक वर्षांची मिळकत आणि उमेद खर्चून ज्याच्या हाती येथे उपयोगी न पडणारा कागद यावयाचा, त्याच्या दृष्टीने हा इशारा आवश्यकच होता. तथापि या निषेधाची कसोटी माध्यम ही आहे, आणि ती अपुरी आहे. विभागाच्या खोलीत बसून इतरांचे अहवाल जुळविणारा प्रबंध नियमाने ग्राह्य ठरतो. दारूखान्यात दोन वर्षे हिंडून, कटरशी त्याच्या हिंदीत बोलून लिहिलेला प्रबंध, मार्गदर्शन पडद्यावरून झाले एवढ्याच कारणाने अग्राह्य ठरू शकतो. पहिल्याला निवासाचे फळ मिळाले, पण निवासाचा अर्थ कळला नाही.

म्हणून लॅटिन धातूतील जो प्रश्न मराठी विशेषणाने गाळला, तोच संकल्पनेला आणि पदवीला सारखाच विचारला पाहिजे : हे खालून कोणी धरले आहे? विकासाच्या बाबतीत उत्तर बहुधा कटर, हमाल आणि चिखलाने भरलेला किनारा असे येईल. पदवीच्या बाबतीत ते प्रबंध खरोखर वाचणारा मार्गदर्शक, उघडे ग्रंथालय, निःस्पृह परीक्षक आणि पायांखाली घातलेले स्थळ असे यावयास हवे. या चारांपैकी पहिले तीन आधार दूरवरूनही देता येतात, आणि ते कोणती संस्था देते हे प्रवेशापूर्वी तपासता येते. चौथा आधार कोणतीही संस्था देऊ शकत नाही. तो विद्यार्थ्याने स्वतः मिळवावयाचा असतो. आणि त्याच्यावाचून लिहिलेला प्रबंध, तो कोठेही बसून लिहिलेला असो, ‘शाश्वत’ या शब्दाइतकाच निराधार राहील.