पूर्व विदर्भातील मारबत : विधीकडून लोकोत्सवाकडे – एक चिकित्सा

प्रस्तावना :
लोकविधी सार्वजनिक उत्सवाचे रूप धारण करतो तेव्हा त्याचा आकार वाढतो. परंतु त्याचे मूळ प्रयोजन टिकते काय, हा लोकसंस्कृतीच्या अभ्यासातील महत्त्वाचा प्रश्न होय. गोंदिया जिल्ह्यातील मारबतीला नागपूरच्या धर्तीवर उत्सवी रूप द्यावे काय, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

विधीचे प्रयोजन :
पोळ्याला दारी ठेवलेल्या पळसाच्या फांद्या दुसऱ्या दिवशी पहाटे शिवेबाहेर टाकल्या जातात. त्या वेळी रोगराई, खोकला, डास सोबत घेऊन जाण्यासाठी मारबतीला आरोळी दिली जाते. या भागात व लगतच्या बालाघाट परिसरात तिला 'नारबोद' असेही म्हणतात. धानाची रोवणी आटोपलेली, बांध्यांत पाणी साचलेले आणि घरोघरी हिवताप, असा तो काळ. त्यामुळे ही आरोळी केवळ सांकेतिक नाही. तिच्यामागे खरे भय आहे. येथे प्रत्येक घर सहभागी असते, प्रेक्षक कोणीही नसतो.

नागपूरचे रूप :
नागपुरात काळ्या व पिवळ्या मारबतीची मिरवणूक 1880च्या दशकापासून निघते, असे सांगितले जाते. काळ्या मारबतीचा संबंध लोकसमजूत भोसले घराण्यातील बाकाबाईंच्या इंग्रजधार्जिण्या धोरणाशी जोडते. बाकाबाईंचे निधन 1858 मधील आहे. म्हणजेच रोगनिवारणाच्या जुन्या कृषिविधीवर राजकीय अर्थ मागाहून चढला असण्याची शक्यता अधिक आहे. या मिरवणुकीचे खरे बळ बडग्यांत आहे. महागाई, भ्रष्टाचार अशा चालू प्रश्नांवर दरवर्षी नवे बडगे निघतात व अखेरीस त्यांचे दहन होते. पीडेचे स्वरूप बदलले, तरी ती गावाबाहेर घालविण्याची क्रिया कायम राहिली.

एक तुलना :
इंग्लंडमधील व्हिटलसी येथे शेतमजूर ऐन हिवाळ्यात एकाला पेंढ्याने मढवून 'अस्वल' करीत व दारोदार पैसे मागत. ही भीक ठरवून 1909 मध्ये पोलिसांनी प्रथा बंद पाडली. 1980 मध्ये स्थानिक संस्थेने तिचे पुनरुज्जीवन केले. आज तेथे दूरदूरची नृत्यपथके जमतात. गाव एकत्र येते, हे यश मोठेच आहे. मात्र वेश टिकला आणि मजुराची गरज बोलून दाखविणारा आवाज मागे पडला.

चिकित्सा :
या तुलनेतून नागपूरचे वेगळेपण स्पष्ट होते. तेथे उत्सव वाढूनही तक्रार जिवंत राहिली. तथापि नागपूरचे अनुकरणही निर्दोष ठरणार नाही. पूतना असो वा बाकाबाई, अनिष्टाचा भार स्त्रीप्रतिमेवरच टाकला जातो. उत्सव नव्याने उभारताना ही बाब तपासल्याशिवाय स्वीकारणे योग्य नव्हे.

निष्कर्ष :
गोंदियात मारबतीचा उत्सव करावयाचा असल्यास पुतळ्याची उंची हा निकष असू नये. गावोगावच्या आरोळ्या वृद्धांकडून प्रथम नोंदवून घ्याव्यात. हे काम महाविद्यालयांच्या मराठी विभागांना सहज करता येईल. प्रत्येक वस्तीने आपला बडग्या आपल्याच प्रश्नावर करावा, मग तो धानाच्या भावाचा असो वा तुंबलेल्या नालीचा. मारबत मोठी झाली आणि बडग्या मुका झाला, तर उरेल ती केवळ शोभायात्रा.