आज्ञानोंदीचे साक्षीमूल्य

भुसावळ येथील मध्य रेल्वेच्या विभागीय नियंत्रण-कक्षात वेळापत्रक आणि प्रत्यक्ष गाड्यांचा आलेख यांत भेद केला जातो. गाडी केव्हा सुटावी हे पहिले सांगते. ती सुटल्याची वार्ता स्थानकाकडून आल्यावरच दुसऱ्यात रेषा पुढे सरकते. संगणकातील शेल-आज्ञावलीच्या चिकित्सेतही हाच विवेक आवश्यक आहे.

१९७९ मधील युनिक्सच्या सातव्या आवृत्तीसोबत आलेल्या बोर्न शेलमध्ये नोंदीचे दोन पर्याय आढळतात. ‘व्ही’ हा पर्याय वाचलेली ओळ जशीच्या तशी छापतो. ‘एक्स’ हा चलांच्या जागी मूल्ये भरून सिद्ध झालेली आज्ञा छापतो. एकात संहिता दिसते, दुसऱ्यात तिचा प्रसंगप्राप्त अर्थ. पुसावयाच्या फोल्डरचे नाव धारण करणारा चल रिकामा राहिला, तर तो दोष दुसऱ्यातच उघड होतो. म्हणून दोषशोधनात तोच श्रेष्ठ होय.

तथापि ही नोंद आज्ञा चालण्यापूर्वी उमटते, ही तिची मर्यादा पुष्कळदा दुर्लक्षिली जाते. तो सुटण्याचा इशारा आहे, पोहोचल्याची वार्ता नव्हे. आज्ञेअखेर मिळणारा यशापयशाचा अंक व वेळ सोबत टिपल्याशिवाय तिला कार्यसिद्धीचा पुरावा मानणे युक्त नाही. शिवाय मूल्यांबरोबर पासवर्डही नोंदीत उतरतात. तेव्हा अशी नोंद मूळ आज्ञावलीहूनही अधिक जपली पाहिजे.