आष्टीचा संग्राम : एक प्रमाणपरीक्षण

ता. २० फेब्रुवारी १८१८ (शके १७३९, माघ) रोजीं आष्टी येथें पेशव्यांचे सेनापति बापू गोखले रणांत पडले. हें गांव माणदेशाच्या पूर्वेस, भीमेपलीकडे मोहोळ तालुक्यांत आहे. या प्रसंगाचें वर्णन बहुधा एकाच साच्यांत आढळतें : धनी भ्याड, सेवक शूर, व सेवक पडतांच राज्य बुडालें. हा साचा प्रमाणांस कितपत उतरतो तें पाहूं.

बाजीरावानें टोचून निरोप पाठविला व बापूंनीं पिछाडी संभाळण्याची ग्वाही दिली, ही कथा ग्रांट डफच्या १८२६ सालच्या इतिहासांत आहे. पळत्या छावणींतील हें भाषण विजेत्यांच्या कानीं कोणाच्या मुखें गेलें? शब्दांस साक्षी हवा. कृतीस तो आहे. बापू मोजक्या स्वारांनिशीं उलटून पडले, जनरल स्मिथ जखमी झाले, व तेवढ्या अवधींत बाजीराव निसटला. ज्या हेतूनें सेनापति उभे राहिले तो सिद्धीस गेला. यास केवळ नैराश्याचा आत्मनाश म्हणणें अन्यायाचें होय.

राज्य त्याच क्षणीं बुडालें हेंही खरें नव्हे. बाजीराव ३ जून १८१८ रोजीं माल्कमच्या स्वाधीन झाला; म्हणजे युद्ध पुढें साडेतीन महिने चाललें. आष्टीचें खरें फल निराळें. त्याच दिवशीं छत्रपति प्रतापसिंह मातोश्री व बंधूंसह इंग्रजांच्या हातीं आले. साताऱ्याचा किल्ला १० फेब्रुवारीस पडला होता, व दुसऱ्याच दिवशींच्या जाहीरनाम्यांत एल्फिन्स्टननें छत्रपतींस राज्य देण्याचें वचन दिलें होतें. वचन होतें, राजा नव्हता. तो आष्टीस मिळाला. पुढें २५ सप्टेंबर १८१९ चा तह होऊन जें सातारचें राज्य ठरलें, त्यांत माणही आला.

या घटनेस इंग्रज लेखक 'सुटका' म्हणतात. छत्रपति पेशव्यांच्या नजरकैदेंत होते, तेव्हां तो शब्द निखालस खोटा नाहीं. परंतु ग्रांट डफ १८१८ ते १८२२ पर्यंत सातारा दरबारीं इंग्रजांचाच प्रतिनिधि होता, हें विसरतां कामा नये. सोडविणाऱ्यांनींच १८३९ त प्रतापसिंहांस पदच्युत करून काशीस धाडिलें, व १८४८ त राज्यही खालसा केलें. त्या शब्दाचें मोल या दोन सनांवरून करावें.

संग्राहकांस विनंति इतकीच कीं, दहिवडी-म्हसवडकडील वतनी दप्तरें चाळतांना पोवाड्यांच्या बाडांवरच थांबूं नये. शके १७३९ च्या माघापुढील ताकीदपत्रें व वसुलाचे कागद पाहावे. हुकूम कोणाच्या नांवें सुटला व शिक्का कोणाचा, हें टिपावें. सत्ता कोणत्या दिवशीं पालटली याचा निर्णय त्या चिटोऱ्यांवरून अधिक खात्रीनें होईल.