दृश्य वक्तृत्वाचा स्वाध्याय : शहापूर-मुरबाडच्या संदर्भात काही अपेक्षा

प्रास्ताविक :
जाहिरात, वृत्तछायाचित्र, भित्तिपत्रक यांचे वाचन व त्यांवरील लेखन यांना पदवी स्तरावरील भाषेच्या अध्यापनात आता स्थान मिळाले आहे. प्रतिमा पाहणाऱ्याला एखादी गोष्ट कशी पटवून देते, याच्या अभ्यासास दृश्य वक्तृत्व असे म्हणता येईल. रोलां बार्थ या फ्रेंच समीक्षकाने 1964 मध्ये एका पास्त्याच्या जाहिरातीचे विश्लेषण करून या अभ्यासाला दिशा दिली. तथापि, विद्यार्थ्याच्या स्वाध्यायाकडून नेमके काय अपेक्षावे, याची चर्चा क्वचितच होते. शहापूर व मुरबाड या ठाणे जिल्ह्यातील ग्रामीण तालुक्यांच्या परिसरातील दोन उदाहरणांच्या आधारे या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

वर्णन आणि वाचन :
प्रकल्पवहीत चित्रे चिकटवावीत, प्रत्येकाखाली चार ओळी लिहाव्यात, वही वेळेत सादर करावी, एवढ्यावर हा स्वाध्याय अनेकदा थांबतो. गुण मिळतात ते पृष्ठसंख्येला व नीटनेटकेपणाला. ‘चित्रात एक स्त्री असून तिच्या डोक्यावर हंडा आहे’ हे विधान अचूक असले, तरी ती केवळ नोंद होय. ते वाचन नव्हे.

उन्हाळ्यात शहापूर तालुक्यातील अनेक गाव-पाड्यांना टँकरने पाणी पुरवावे लागते. त्या काळात हंडे घेतलेल्या स्त्रियांची छायाचित्रे वृत्तपत्रांतून येतात. ही छायाचित्रे खोटी नसतात. परंतु कोरडी विहीर, भेगाळलेली जमीन व थकलेला चेहरा एवढेच चौकटीत घेतले की टंचाई ही निसर्गाची करणी वाटू लागते. याच तालुक्यात 1892 मध्ये पूर्ण झालेले तानसा धरण आहे आणि मुंबईच्या पाणीपुरवठ्याचा सर्वांत मोठा स्रोत असलेले भातसा धरणही आहे. मुंबईकडे जाणारी जलवाहिनी चौकटीत आली असती, तर तेच छायाचित्र करुणेऐवजी पाण्याच्या वाटपाचा प्रश्न उभा करते. चौकटीबाहेर काय राहिले, हे विद्यार्थ्याने लिहावे, ही स्वाध्यायाची पहिली अपेक्षा असावयास हवी.

प्रतिमा आणि शब्द :
चित्रासोबतचा मजकूर त्याच्या अनेक संभाव्य अर्थांपैकी एक पक्का करतो, असे बार्थ यांचे प्रतिपादन आहे. याचे प्राचीन उदाहरण मुरबाडहून जुन्नरकडे जाणाऱ्या नाणेघाटाच्या माथ्यावर आहे. तेथील सातवाहनकालीन लेण्याच्या मागील भिंतीवर राजकुलातील व्यक्तींच्या प्रतिमा कोरलेल्या होत्या. आज पावलांच्या खुणांपलीकडे त्यांतील फारसे काही उरलेले नाही. मात्र वर ब्राह्मी लिपीत कोरलेली सिमुक सातवाहन, नागनिका, सातकर्णी आदी नावे वाचता येतात. बाजूच्या भिंतींवरील लेखात यज्ञांची व दानांची आकड्यांसह गणना आहे. व्यापारी मार्गावरून जाणाऱ्यांसमोर राजसत्तेने आपले वैभव मांडण्याची ही रीत होती. प्रतिमा नष्ट झाल्या, तरी नावांमुळे त्यांची ओळख टिकली. म्हणून छायाचित्राखालील ओळ कोणी लिहिली, ती कोणता अर्थ पक्का करते आणि कोणता दूर सारते, याचा शोध ही दुसरी अपेक्षा ठरते.

मूल्यमापन :
वर्गातील विद्यार्थिसंख्या मोठी असताना असे लेखन तपासणे अशक्य आहे, हा आक्षेप रास्त आहे. त्यावर उपाय पाने वाढविणे नसून कमी करणे हा होय. एकच प्रतिमा, दोन पानांचे लेखन, शिक्षकाचे अभिप्राय व एकदा पुनर्लेखन एवढे पुरेसे आहे. प्रतिमा कोणी, कोणासाठी व कशासाठी घडविली, यासंबंधी एक दावा आणि त्यास चित्रातीलच पुरावा यांना बहुतांश गुण असावेत. पहिल्या खर्ड्यात बोलीतील शब्द आल्यास ते दोष मानू नयेत. निरीक्षण बहुधा त्याच शब्दांतून येते.

समारोप :
येथील विद्यार्थी चित्रे पाहणारा आहे, त्याचप्रमाणे अनेकदा चित्रांचा विषयही आहे. हंडा वाहणारी स्त्री त्याच्या घरातील असू शकते. तिच्याविषयी इतरांनी काढलेल्या चित्राचे केवळ वर्णन त्याच्याकडून मागणे म्हणजे त्या चित्राचा अर्थ त्याने मुकाट्याने मान्य करावा, असे सुचविणे होय. त्या चित्राला उत्तर देण्याइतकी भाषा त्याच्या हाती यावी, हीच या स्वाध्यायाची खरी कसोटी आहे.