शून्य निकाल म्हणजे संशोधनातली पोकळी नव्हे : शोधगंगा वापरताना

पीएच.डी.चे आराखडे वाचायला घेतले की एक वाक्य हमखास भेटतं : ‘सदर विषयावर या परिसरात आजवर संशोधन झालेले दिसत नाही.’ कशावरून, असं विचारलं की उत्तर बहुधा ठरलेलं असतं. शोधगंगेवर शोधलं, काहीच आलं नाही. आज त्या वाक्याची आणि ते ज्याच्या भरवशावर लिहिलं जातं त्या डेटाबेसची जरा झाडाझडती घेऊ. उदाहरणं आपल्या अचलपूर-मेळघाटाकडचीच घेतो, म्हणजे तुम्हाला स्वतः पडताळून पाहता येतील.

आधी श्रेय देऊ या. यूजीसीने 2009 च्या नियमांत प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत देणं बंधनकारक केलं आणि गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राने शोधगंगा उभी केली. आज तिथे पाच लाखांहून जास्त प्रबंध आहेत, तेही फुकट. पूर्वी अचलपूरच्या विद्यार्थ्याला एखादा प्रबंध नुसता चाळायला अमरावती किंवा नागपूर गाठावं लागायचं. आता तो मोबाईलवर उघडतो. हे काही लहान काम नाही.

पण एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा : शोधपेटीला तुमचा प्रश्न कळत नाही. ती फक्त शब्द जुळवते. तुमचा शब्द आणि नोंदीतला शब्द वेगळा असला, की निकाल शून्य.

गाव एक, नावं अनेक

समजा, बंद पडलेल्या शकुंतला रेल्वेवर तुम्हाला काम करायचंय. मूर्तिजापूर-अचलपूर हा नॅरोगेज मार्ग ब्रॉडगेज व्हावा ही मागणी आजची आहे, पण त्या मार्गाची कागदपत्रं इंग्रजी अमदानीतली. त्यांत ‘अचलपूर’ सापडणार नाही, ‘एलिचपूर’ सापडेल. 1905 मध्ये अमरावतीत विलीन होईपर्यंत हा त्याच नावाचा स्वतंत्र जिल्हा होता. त्यातही इंग्रजी स्पेलिंगमध्ये कुठे एक ‘एल’, कुठे दोन. अमरावतीचं ‘अमरावती’ही आणि ‘उमरावती’ही. वऱ्हाडचं ‘बेरार’. ‘शकुंतला’ हे तर लोकांनी दिलेलं नाव. ते कंपनीच्या जुन्या कागदांत कुठून येणार? म्हणून शोधायला बसण्याआधी नावांची यादी करा.

मराठी प्रबंधांची अडचण आणखी वेगळी आहे. कुठे शीर्षक देवनागरीत, कुठे रोमन लिपीत, तर कुठे त्याचं इंग्रजी भाषांतर नोंदवलेलं असतं. कितीतरी जुने प्रबंध युनिकोडपूर्वीच्या फॉन्टमध्ये टाइप झालेले किंवा नुसते स्कॅन केलेले आहेत. पडद्यावर आपल्याला स्वच्छ मराठी दिसतं, पण त्याच पीडीएफमध्ये ‘कुपोषण’ शोधलं तर यंत्राला ते सापडत नाही. प्रबंध समोर असतो अन् शोध म्हणतो, नाही.

शीर्षकाचा चकवा

आता आपल्याकडचा सगळ्यात जड विषय घ्या : शेतकरी आत्महत्या. बी. बी. मोहंती यांचा या विषयावरचा एक महत्त्वाचा लेख 2005 मध्ये ‘जर्नल ऑफ पीझंट स्टडीज’मध्ये आला. त्यातला अभ्यास अमरावती आणि यवतमाळ जिल्ह्यांचा आहे. पण शीर्षकात अमरावती नाही, विदर्भही नाही. तिथे ‘महाराष्ट्र, वेस्टर्न इंडिया’ असं म्हटलंय. वऱ्हाडातला कोणता माणूस स्वतःचा मुलूख ‘पश्चिम भारत’ या नावाने शोधेल, सांगा बरं! फक्त शीर्षकात ‘विदर्भ’ शोधणाऱ्याच्या हाती हा लेख लागायचाच नाही. म्हणून शोध शीर्षकापुरता ठेवू नका. सारांश आणि मजकूर यांतही शोधा.

हा लेख शोधगंगेवर नाही, कारण तो प्रबंध नाही. त्याचं नियतकालिक सशुल्क आहे. अशा नियतकालिकांसाठी केंद्राने 25 नोव्हेंबर 2024 रोजी ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजना मंजूर केली : तीन वर्षांसाठी 6,000 कोटी रुपये, 30 प्रकाशक, सुमारे 13,000 नियतकालिकं. मात्र ती केंद्र व राज्य सरकारांच्या व्यवस्थापनाखालील संस्थांसाठी आहे. आपल्या भागातली बरीच महाविद्यालयं खासगी शिक्षणसंस्थांची, अनुदानित. तेव्हा तुमच्या महाविद्यालयाला काय लागू आहे, एन-लिस्टचं खातं मिळतं का, हे ग्रंथपालांना जाऊन विचारा. त्यात लाज कसली?

चालू प्रश्न प्रबंधात उशिरा येतो

नोंदणी, क्षेत्रकार्य, लेखन, मौखिक परीक्षा आणि मग अपलोड. यात वर्षं जातात. त्यामुळे गेल्या हंगामात काय झालं हे शोधगंगा सांगू शकत नाही, आणि तो तिचा दोषही नाही. चालू काम पाहायचं तर शेजारीच शोधगंगोत्री आहे. तिथे मंजूर आराखडे असतात. बाकी वर्तमानपत्रं, न्यायालयाचे आदेश, सरकारी अहवाल.

पण आकडे घेताना ते कोणी आणि कशाचे मोजले ते बघा. शेतकरी आत्महत्यांची महसूल खात्याची नोंद मदतीसाठी ‘पात्र’ आणि ‘अपात्र’ अशी विभागलेली असते. एनसीआरबी पोलिसांच्या नोंदींवरून मोजते आणि 2014 च्या अहवालापासून शेतकरी व शेतमजूर वेगळे दाखवते. हे दोन आकडे एकाच तक्त्यात शेजारी मांडून ‘वाढ’ किंवा ‘घट’ काढली, तर तो निष्कर्ष बिनबुडाचा.

यात बिघडतं काय?

आराखड्यातलं एक वाक्य चुकलं म्हणून इतका काथ्याकूट का, असं वाटेल. कारण त्या वाक्यानंतर प्रश्नावली छापली जाते. मेळघाटातल्या कुपोषणावर दशकानुदशकं पाहण्या होत आल्यात. आधीचं काम न वाचता आपण गेलो, तर मूल गमावलेल्या कोरकू आईला तेच प्रश्न पुन्हा विचारणार, अन् तिला त्यातून काही मिळणार नाही. शेतकऱ्याच्या विधवेचंही तेच. वाचनाचा आळस आपला, त्याचा त्रास मात्र त्यांना.

म्हणून एवढं करा :

1. विषयाचे मराठी, इंग्रजी आणि जुने शब्द, गावांच्या सगळ्या स्पेलिंगसह, कागदावर लिहा.
2. शोधपेटीवर थांबू नका. शोधगंगेत विद्यापीठ आणि विभागानुसार यादी उघडून चाळा. मेळघाटातल्या आहाराचा प्रबंध अर्थशास्त्रात नसेल, तर गृहविज्ञानात किंवा समाजकार्यात असू शकतो.
3. एक चांगला प्रबंध सापडला की त्याची संदर्भसूची वाचा. शोधपेटीतून निसटलेलं बरंच काही तिथे असतं.
4. शोधाची वही ठेवा : तारीख, डेटाबेस, शब्द, किती निकाल, त्यातले किती उघडून वाचले.

मग आराखड्यात ‘संशोधन झालेले नाही’ असं न लिहिता, ‘अमुक डेटाबेसमध्ये, अमुक शब्दांनी, अमुक तारखेपर्यंत शोधले असता अमुक बाबीवर काम आढळले नाही’ असं लिहा. वाक्य लांबतं खरं. पण मार्गदर्शकांनी किंवा मौखिकीत कोणी ‘कशावरून?’ म्हटलं, तर वही काढून समोर ठेवता येते.